व्हिनेग्रेट करताय? मोहरी फेसलीत का आधी?

गेल्या मे महिन्यात मुंबईहून आलेली पंधरा माणसं अंगणात जेवायला बसली आणि माझं मोहरीचं व्हिनेग्रेट, म्हणजे सॅलडवर घालायचं तेल-आंबटाचं कालवण, निघालं कडूजहर. झणका नावालाही नाही. म्हणून यादीत पहिलं हेच: मोहरी आधी साध्या पाण्यात फेसायची. तेल, बरणी, चमचे सगळं नंतर.

दोन चमचे कुटलेली मोहरी, तेवढंच गार पाणी, चांगली फेसा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. कोरड्या मोहरीत झणका नसतोच. पाणी लागलं की तिच्यातलं एन्झाइम जागं होतं, झणका तयार होतो आणि मग तो नाकात जातो. आंबट आधी पडलं की हे काम अडतं. मी घाईत मोहरीवर थेट आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, ओतलं होतं. गंमत म्हणजे तेच आंबट नंतर घातलं तर झणका टिकवून धरतं. गरम पाणी अजिबात नको, एन्झाइम मरतं. लोणच्याला मोहरी फेसणारी आई लहानपणापासून बघितली, तरी विसरलो! तर आधी पाणी, दहा मिनिटं, मग आंबट.

मोहरी अख्खीच कुटा. लोणच्याची डाळ नको. टरफलातला चिकटपणा तेल आणि आंबट एकत्र धरतो.

तीन भाग तेलाला एक भाग आंबट. आंबट म्हणजे कोकमाचं आगळ किंवा माडीचं व्हिनेगर. आगळात मीठ असतंच, चाखल्याशिवाय वरून टाकू नका, आणि घरात बीपीवालं कुणी असेल तर हात आखडता घ्या. खोबरेल घालून बरणी फ्रीजमध्ये ठेवलीत तर दगड होईल, साधारण 24 अंशांखाली ते थिजतं. शेंगदाण्याचं बरं. मोठा चमचाभर तेल म्हणजे 14 ग्रॅम, सुमारे 120 कॅलरी. 'सॅलडच तर आहे' म्हणत ओतणाऱ्यांना हे आधीच सांगा. तेल साफ वगळूही नका, गाजरातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्धांश लागतोच.

सॅलडसाठी तवशी (मोठी काकडी) कोचवून पिळा. सॅलडचा पाला वाढायच्या वेळीच कालवा. तांब्या-पितळेचं भांडं नको. उरलं तर भाजलेल्या बांगड्यावर, उकडलेल्या बटाट्यावर.

आणि मोहरीसाठी पाणी तापत ठेवलं असेल तर उतरवा आधी. गारच घ्यायचंय.