भाडं ठरलं की आधी थंड पेटी भरा

उन्हाळ्यात ट्रकला नागपूर ते जेएनपीटी बंदर भाडं ठरलं की टायर, ऑइल आणि कागदपत्रांबरोबर पेटीचंही आदल्या रात्रीच बघायचं. समृद्धीचा 701 किलोमीटरचा रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. गाडी सुसाट जाते, पण जुन्या हायवेसारखे पावलोपावली ढाबे तिथे नाहीत. पुढे बंदराबाहेर नंबर लागायला किती वेळ जाईल, ते देव जाणे.

पेटीला हात लावण्याआधी ज्याला गारवा लागतच नाही ते सामान बाजूला काढा. कांदे, बटाटे, लसूण, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, सुकट, बोंबील हे बाहेरच बरं. कणीक मळून नेऊ नका, कोरडं पीठ न्या. चहाला टेट्रापॅकचं दूध घ्या, फोडेपर्यंत ते बाहेर टिकतं; फोडलं की मात्र त्याच चहात संपवायचं, म्हणून पाकिटं लहानच घ्यावीत. मग पेटीसाठी उरतं दही, पनीर, अंडी, पहिल्या दिवसाची भाजी आणि हौस असेल तर मटण. मटण घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाशी. वर ठेवलं आणि पाणी सुटलं तर खालचं दही गेलंच समजा.

मासळीवाल्यांची थर्माकोलची पेटी स्वस्त पडते, पण झाकण नीट बसत नाही आणि दोन खड्ड्यांत कोपरा उडतो. जाड भिंतीची प्लास्टिकची पेटी घ्या. रात्री तिच्यात थोडा बर्फ टाकून झाकून ठेवायची आणि सकाळी तो काढून खरा बर्फ भरायचा, नाहीतर तापलेली पेटीच पहिला बर्फ खाते. बर्फ घरीच बाटल्यांत करावा. पाणी गोठताना फुगतं, म्हणून बाटली चार बोटं रिकामी ठेवायची. किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्यात लिटरभर बर्फगार पाणी 80 अंशांपर्यंत तापेल. सगळी करामत या वितळण्यात आहे. शिवाय डबे भिजत नाहीत आणि वितळलेलं पाणी पिता येतं. वाटेत लादी घेतलीत तर रंग बघा: खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर करायचा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे. तो डब्यांच्या बाहेरून चालेल, सरबतात नाही.

पेटी इंजिनाच्या बाजूला किंवा काचेखाली नको. सीटच्या मागे, सावलीत, वरून गोधडी. आणि पिण्याचं पाणी तिच्यात अजिबात ठेवू नका, कारण क्लीनर दर अर्ध्या तासाला झाकण उघडणार. पाण्यासाठी बाहेर छागल, म्हणजे पाणी झिरपून गार करणारी जाड कापडी पिशवी, टांगा. विदर्भाच्या कोरड्या वाऱ्यात ती झकास चालते. कसारा उतरून दमट हवा लागली की तिचा जोर संपतो.

बॅटरीवरचा फ्रिज घ्यायचा तर 'थंड-गरम' असं लिहिलेल्या स्वस्त डब्याच्या नादी लागू नका. त्यात कॉम्प्रेसर नसतो. तो बाहेरच्यापेक्षा फार तर 15-20 अंश खाली जातो, म्हणजे 42 अंशांच्या उन्हात आत पंचविशीच्या आसपासच. कॉम्प्रेसरवालाच घ्या, 24 व्होल्टवर चालणारा. गाडीत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. एकीवरूनच वायर ओढली की तीच आधी बसते आणि पाठोपाठ दुसरीही. व्होल्टेज उतरलं की आपोआप बंद होणारी सोय हवीच, नाहीतर पार्किंगमध्ये सकाळी सेल्फ लागणार नाही. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण इंजिन बंद केलं की तो एसीही बंद, तेव्हा त्याच्या भरवशावर डबा बाहेर ठेवू नये.

इन्सुलिन घेणाऱ्या ड्रायव्हरने ते कापडात गुंडाळून वेगळ्या डबीत ठेवावं. ते बर्फाला टेकून गोठलं तर फेकायचंच, आणि तापलेल्या केबिनमध्येही ते टिकत नाही.

आत एक थर्मामीटर टाका. पारा 5 अंशांच्या खाली हवा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तास, 32 च्या वर उन्हाळा असेल तर एकच तास. बंदराच्या रांगेत बर्फ संपत आला की आधी मटण, मग पनीर आणि दही उडवायचं. अंडी उकडून त्याच जेवणात संपवायची. पेटी रिकामी झाली की खायच्या सोड्याने धुवा आणि परतीच्या भाड्यापर्यंत झाकण उघडं ठेवा. बंद ठेवलीत तर वास महिनाभर जात नाही.