जुन्या ड्रेसिंग टेबलला मिल्क पेंट देताय? या चुका टाळा

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून आणलेलं सागवानी ड्रेसिंग टेबल मी जुलैत रंगवलं आणि ऑगस्ट संपायच्या आत मधल्या खणाच्या मुठीभोवती रंगाचे नखाएवढे पापुद्रे सुटायला लागले. पापुद्र्याखाली लाकूड नव्हतं, जुनं तपकिरी पॉलिश होतं, अजून चकचकीत. म्हणजे माझा रंग लाकडापर्यंत पोचलाच नव्हता.

मिल्क पेंट म्हणजे दुधातलं केसीन नावाचं प्रथिन, चुना आणि गेरूसारखे मातीचे रंग. तो उघड्या लाकडात मुरतो आणि मुरला की वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. खाली पॉलिश, मेण किंवा तेल असेल तर मात्र वाळताना आकसतो आणि सुटतो. मी २२० नंबरचा पॉलिश पेपर वरवर फिरवून समाधान मानलं होतं. ही सगळ्यात मोठी चूक.

ब्रश हातात घेण्याआधी वरच्या फळीवर, खणांच्या दर्शनी बाजूवर आणि पायांवर पाण्याचे थेंब टाका. दोनेक मिनिटांत थेंब जिरून डाग काळपट झाला तर लाकूड उघडं आहे. मोत्यासारखा उभा राहिला तर वर अजून काहीतरी आहे. ते काय, हे शोधायला पांढरं सुती फडकं स्पिरिटमध्ये भिजवून एका कोपऱ्यात दाबून धरा. जागा चिकट होऊन फडकं तपकिरी झालं तर ते लाखेचं पॉलिश. मुंबईत जुन्या सागवानी सामानावर ते खूप सापडतं. स्पिरिटने काहीच झालं नाही, पण थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोघांनाही दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असं टणक पॉलिश समजा, तिथे घासण्याला पर्याय नाही: आधी १२० नंबर, मग १८०. त्याहून गुळगुळीत करू नका, लाकूड रंग पीत नाही.

लाखेचं पॉलिश स्पिरिटने काढताना खिडक्या उघड्या ठेवा आणि घरातला गॅस, देवापुढचा दिवा, उदबत्ती सगळं विझवा. स्पिरिट फार पटकन पेट घेतं. घासायला तारेची घासणीही नको. तिचे बारीक कण लाकडात अडकतात आणि पाण्याच्या रंगाखाली गंजतात. भांड्यांची हिरवी घासणी चालते. टेबलावर जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

सागाची आणखी एक खोड आहे. त्याच्या अंगात तेल असतं. घासून झाल्यावर स्पिरिटचं फडकं फिरवा आणि त्याच दिवशी पहिला हात द्या, नाहीतर तेल पुन्हा वर येतं. फिका रंग देणार असाल तर लाकडाचा पिवळट-तपकिरी डाग वर फुटू शकतो आणि कितीही हात मारले तरी झाकला जात नाही. तिथे आधी चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, पातळ हात लागतो, १ लिटर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम. मात्र चपड्यावरही मिल्क पेंट आपणहून धरत नाही, म्हणून रंगाच्या पहिल्या हातात बॉन्डिंग एजंट, म्हणजे रंगाला पकड देणारं द्रव्य, मिसळा. सनमायक्यालाही हेच लागू.

मिल्क पेंटची पावडर आणि कोमट पाणी सारख्या मापाने घ्या, ढवळा, फेस बसेपर्यंत १५-२० मिनिटं थांबा, मग जुन्या ओढणीतून गाळा. अ‍ॅल्युमिनियमचं टोप वापरू नका, चुना त्याला खातो. लागेल तेवढाच रंग कालवा आणि त्याच दिवशी संपवा. घरी दूध फाडून रंग करायचा असेल तर म्हशीचं दूध टाळा. त्यातल्या स्निग्धांशाने रंग नीट वाळत नाही. साय काढलेलं, ०.५ टक्क्याच्या आतलं दूध घ्या. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

पावसाळ्यात हे काम काढू नका, हे मी कळकळीने सांगते. हात वाळल्यासारखा वाटतो, पण आत ओल राहते. चपडा दमट हवेत पांढुरका पडतो. लाकूड फुगलेलं असतं, त्यात खणांच्या कडांनाही रंग दिला तर खण अडकलेच म्हणून समजा. कडा कोऱ्या सोडा आणि सरकण्याच्या जागी मेणबत्ती घासा.

ड्रेसिंग टेबलवर काय काय सांडतं ते आठवा: खोबरेल तेल, कुंकू, अत्तर, ओल्या ग्लासाचं गोल वळं. उघडा मिल्क पेंट हे सगळं शोषून घेतो. वरच्या फळीवर पाण्याच्या पीयूचे निदान तीन हात द्या. तिथे शेवटचा हात चपड्याचा नको. परफ्यूमचा एक थेंब पडला तरी त्यातलं अल्कोहोल तो विरघळवतं. बाजूंना मेण किंवा जवसाचं तेल चालेल, पण तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेटतात. वन रूम किचनमध्ये याचा अर्थ काय, ते सांगायला नको. एकेक फडकं उलगडून बाहेर वाळत घाला.

रंग आधीच सुटत असेल तर सगळं खरवडायची गरज नाही. सुटलेल्या जागेभोवती मास्किंग टेप घट्ट दाबून एका झटक्यात ओढा. टेपबरोबर जेवढा आला तेवढा काढायचाच होता. पुढे सरकत टेप कोरी निघेपर्यंत हेच करा. माझ्या टेबलाच्या मधल्या खणाचा रंग अख्खा निघाला, डाव्या-उजव्याचा मात्र पक्का होता. मग उघडी जागा स्पिरिटने पुसा, १२०ने घासा, पाण्याचा थेंब जिरतोय का ते बघा आणि बॉन्डिंग एजंट मिसळलेला हात द्या. तो मुठीखालीही पोचला पाहिजे, म्हणून मूठ आधी काढून ठेवा. मी पहिल्यांदा काढली नव्हती.