चेनची करकर आणि दोन बाटल्या

पावसाळ्यात सायकलवर ताम्हिणी घाटात गेलो तेव्हा चेनला ड्राय ल्युब (कोरड्या हवेसाठीचं, लावल्यावर वाळणारं चेनचं तेल) होतं, उन्हाळाभर तेच वापरलेलं म्हणून तेच मारलं, आणि मुळशीच्या पुढे जाईस्तोवर पावसाने सगळं धुऊन नेलं, मग घरापर्यंत नुसती करकर करकर. दुसऱ्या दिवशी बघतो तर लिंकांवर तांबूस गंज.

रॉकेलमध्ये जुना टूथब्रश बुडवून चेन घासली, पुसली, पूर्ण वाळवली आणि वेट ल्युब आणलं. ते जाड, चिकट, पावसात टिकतं. चेनच्या एकेका रोलरवर (दोन पट्ट्यांमधल्या बारीक नळीवर) एकच थेंब, पेडल उलटं फिरवायचं, पाच-दहा मिनिटांनी कापडाने बाहेरचं सगळं पुसून काढायचं, कारण तेल आत पिनपाशी लागतं, बाहेर राहिलं की फक्त माती गोळा करतं. मी आधी हे पुसायचोच नाही, येडेपणा.

तेच वेट ल्युब दिवाळीनंतर कोरड्या धुळीत ठेवलं तर चेनवर काळा चिखल, पोटरीवर पेडलपाशच्या दातेरी चाकाचा छाप! म्हणून आता नोव्हेंबर ते मे ड्राय, पण ते रात्रीच लावतो, वाळायला काही तास लागतात.

आणि हो, शिवणयंत्राचं तेल पण करून बघितलं, फारच पातळ, एका पावसात गायब.