मुलासाठी टॅब: शैक्षणिक घ्यायचा की साधा?

‘शैक्षणिक टॅब’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. लीपफ्रॉग, व्हीटेक अशा खेळण्यांच्या कंपन्यांचे टॅब बंद असतात: कंपनीच्या दुकानात जे असेल तेवढंच आत येतं. ॲमेझॉनच्या फायर किड्सचं तसं नाही. आत नेहमीचाच फायर टॅब, वर जाड कव्हर, सोबत मुलांच्या पुस्तकांची-खेळांची वर्गणी आणि वॉरंटी. त्यामुळे तुलना करताना कव्हर आणि वर्गणी बाजूला काढा, मग उरलेला टॅब त्याच किमतीच्या साध्या टॅबशेजारी ठेवून बघा. वर्गणी संपल्यावर आतलं काय उरतं, हेही आधीच वाचून घ्या.

बंद टॅब 3 ते 5 वर्षांच्या मुलाला चांगला. पण मूल वाचायला लागलं की तो लवकर अपुरा पडतो. शाळेनं सांगितलेलं ॲप त्यात चढत नाही, भाषा कंपनी देईल तीच, देवनागरी कीबोर्डची आशा धरू नये. वापरलेला घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच फॅक्टरी रिसेट (आतलं सगळं पुसणं) करून पुन्हा सुरू करून बघा. कंपनीनं सर्व्हर बंद केला असेल तर गाडी तिथेच अडते. आणि बंद म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. 2015 मध्ये व्हीटेकच्या सर्व्हरवरून लाखो मुलांची माहिती चोरीला गेली होती. खात्यात टोपणनाव घाला, मुलाचा फोटो नको.

अक्षरं गिरवायची असतील तर पडदा हाताळूनच बघा. दाबावर चालणाऱ्या पडद्यावर बोट अलगद फिरवलं तर रेघ उमटत नाही, प्लॅस्टिकच्या पेनानं उमटते. मूल मनगट टेकवून लिहितं, तेव्हा तो दाबही मोजला जातो आणि रेघ भलतीकडेच पळते. साध्या टॅबवर रबरी टोकाच्या पेनानंही हाच घोळ होतो, कारण टॅबला तळवा आणि पेन यातला फरक कळत नाही. त्याच टॅबसाठी बनवलेलं इलेक्ट्रॉनिक पेन मिळतं का, ते विचारा.

साध्या टॅबमध्ये 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज यापेक्षा खाली जाऊ नका. 32 जीबीतली बरीच जागा सिस्टिमच खाते, मग चार व्हिडिओ भरले की अपडेट अडतं. मेमरी कार्डानं व्हिडिओची सोय होते, पण बरीच ॲप त्यावर हलत नाहीत. लहान हातांना 8 इंच पुरे. 10 इंची टॅब कव्हरसकट अर्ध्या किलोच्या वर जातो. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचं.

खरी मेहनत सेटिंगमध्ये आहे, आणि ती टॅब मुलाच्या हातात देण्याआधी करायची. अँड्रॉइडवर स्वतःचं गुगल खातं टाकूच नका. आपल्या फोनवर फॅमिली लिंक हे गुगलचं पालकांसाठीचं ॲप घ्या, मुलाचं खातं उघडा आणि नव्या टॅबवर तेच टाका. पालकाचं खातं आत राहिलं की मूल त्यातूनच स्टोअर उघडतं आणि बाकीचे निर्बंध नावापुरते उरतात. आयपॅडवर फॅमिली शेअरिंगमधून मुलाचं खातं उघडून स्क्रीन टाइम ही वेळेवर आणि ॲपवर मर्यादा घालणारी सेटिंग लावा. त्याचा पासकोड टॅब उघडण्याच्या कोडपेक्षा वेगळा हवा, कारण तो कोड मुलाला पाठ असतो. खरेदीला दोन्हीकडे पालकाची मंजुरी लावा. यूट्यूबचं ॲप बंद केलं तरी ब्राउझरमधून ते उघडतं, म्हणून ब्राउझरही बंद करा किंवा ठरावीक साइटपुरता ठेवा. एकाच ॲपमध्ये थांबवायचं असेल तर आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस आहे, अँड्रॉइडवर ॲप पिनिंग. पिनिंग करताना ‘बाहेर पडायला पिन विचारा’ हा पर्याय चालू करायचं राहून जातं.

वेळेबाबत जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची शिफारस स्पष्ट आहे: 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला 1 तासाहून जास्त नाही, कमी तितकं बरं.

‘शिकवणारं’ ॲप पारखायचं असेल तर विमान मोड लावून, म्हणजे इंटरनेटशिवाय, ते उघडतं का बघा. मग मुद्दाम चार चुकीची उत्तरं द्या. कुठेही टिचकी मारली तरी टाळ्या वाजत असतील, किंवा सगळे पर्याय दाबत गेल्यावर आपोआप पुढचा टप्पा येत असेल, तर ते काढून टाका. चूक कुठे झाली ते दाखवून पुन्हा करायला लावणारं ॲप ठेवा.