बाळाचं नाक जन्मतःच बंद असेल तर या चुका टाळा (मी केलेल्यासुद्धा)

रात्री अडीचला ज्युनिअर डॉक्टरचा फोन येतो आणि वाक्य ठरलेलं असतं. "सर, बाळ निळं पडतंय, पण रडलं की मस्त गुलाबी होतं, इको करून घेऊ का?" अरे बाबा, हार्टचं निळं बाळ रडल्यावर सहसा अजून निळं होतं. शांत झोपलं की निळं आणि भोकाड पसरलं की गुलाबी म्हणजे हवा फक्त तोंडातून जातेय. आधी नाक बघ, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ती कुठे पळून जात नाही. नवजात बाळ पहिले चार-सहा महिने जवळजवळ नाकानेच श्वास घेतं, तोंड उघडून घ्यायचं त्याला सुचतच नाही, त्यामुळे अंगावर घेतलं की लगेच कळतं. दोन घोट, मग सोडलं, धाप, निळं, रडलं, परत गुलाबी, परत तेच.

यातलं सगळ्यात जास्त ऐकलेलं कारण म्हणजे कोएनल अट्रेसिया. नाकातून हवा मागे घशात उतरते तिथलं दारच हाडाने किंवा हाड आणि पडदा मिळून बुजलेलं असतं. साधारण ७००० ते ८००० जन्मांत एक, मुलींमध्ये जास्त, आणि दोन्हीकडून बंद असण्यापेक्षा एकाच बाजूने बंद असलेली बाळं जास्त.

आता माझी आवडती चूक. नाक मोकळं आहे का बघायला आत पातळ नळी, म्हणजे कॅथेटर, घालतात आणि सांगतात, "कॅथेटर गेला सर."

मी सेकंड इयर रेसिडेंट असताना हेच म्हणालो होतो. सहा फ्रेंचचा (दोन मिलिमीटर जाडीचा) कॅथेटर, उजवीकडे घातला, गेला, डावीकडे घातला, गेला, केसपेपरवर लिहून टाकलं की दोन्ही नाकपुड्या मोकळ्या, आणि पुढच्या बाळाकडे पळालो कारण त्या रात्री बेड सोळा आणि बाळं बावीस. त्या एका ओळीने तीन दिवस घालवले. इको झाला, नॉर्मल. सेप्सिस (रक्तातला संसर्ग) म्हणून अँटिबायोटिक झाले. एक्स-रे दोनदा. सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजन) मात्र झोपलं की सत्तरवर. शेवटी एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या आयसीयूतल्या) एका जुन्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, टोक घशात बघितलं का तुम्ही? मला काय दिसलं नाही." मी चिडलोच खरं तर. पण घसा बघायचा लॅरिंगोस्कोप घेतला, तोंड उघडलं, कॅथेटर परत घातला, चांगला आठ-नऊ सेंटिमीटर आत गेला आणि घशात काहीच नाही. बाहेर ओढला तर चकलीसारखी वेटोळी होऊन आला. आतल्या आत गुंडाळत होता आणि मी त्याला "गेला" म्हणत होतो. बाळ वाचलं, ऑपरेशन झालं, पण ते तीन दिवस माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हापासून माझी सवय अशी. कॅथेटरवर साडेतीन सेंटिमीटरला पेनाने खूण करतो, टोकाला जेली लावतो, आणि हात वर न नेता नाकाच्या तळाने सरळ मागे घालतो. साधारण खुणेपाशी अडला तर मागचं दार बंद असणार. पुढे गेला तर टोक घशात डोळ्यांनी बघायचं, नाही दिसलं तर गेला नाही, विषय संपला. आणि अगदी दारातच, सेंटिमीटरभरात अडला तर तो आजार वेगळा, नाकाचं पुढचं हाडाचं तोंडच अरुंद असतं. त्यात कधी वरच्या हिरडीत मधोमध एकच दात असतो, आणि मग मेंदू आणि त्याखालची पिट्युटरी ग्रंथीही तपासावी लागते. एका नाकपुडीत दोनच प्रयत्न, जोर नाही. नवीन पोरं पाच-सहा वेळा टोचत बसतात, आतून सूज येते आणि अर्धवट उघडं नाक पूर्ण बंद होतं, मग म्हणतात बघा सर अट्रेसिया!

दुसरी चूक घरातली आणि मेडिकल दुकानातली. चोंदलेलं नाक उघडायला मोठ्यांचे झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप्स बाळाला घालू नका. एवढ्याशा जिवात ते रक्तात जाऊन ठोके मंदावू शकतात, श्वास थांबू शकतो, आणि चार दिवसांनी नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मालिशवाल्या बाईंनी नाकात सोडलेलं तेलही नको, ते फुफ्फुसात उतरलं की न्यूमोनिया होतो. आज्यांशी मी भांडत नाही. डोक्याला लावा, अंगाला लावा, धुरीही जरा लांब ठेवा, नाकात फक्त सलाइनचे थेंब. आणि सलाइनने सुटलं, मधूनमधूनच चोंदतं, बाळ पोटभर पितंय, तर बहुतेक साधं चोंदणं आहे, सीटी मागू नका.

बाकीच्या पटापट.

नाक बंद असलेल्या बाळाला नेझल प्रॉन्ग्जवर (नाकपुड्यांतल्या नळ्यांवर) ऑक्सिजन लावून पाठवू नका. हसू नका, मी असं बाळ ॲम्ब्युलन्समधून उतरवून घेतलंय. सगळ्यात लहान साइजचा गुडेल (श्वासाची वाट उघडी ठेवणारी प्लॅस्टिकची वाकडी नळी) तोंडात घाला, टेपने पक्का करा, दूध तोंडातल्या नळीने. गुडेल नसेल तर बाटलीच्या निपलचं टोक मोठं कापून तोंडात बसवा आणि नाडीने डोक्यामागे बांधा, जुनी युक्ती आहे पण चालते.

नाकात गाठ दिसली की सुई घालायची नाही, आधी एमआरआय. ती मेंदूतून उतरलेली असू शकते, बाळ रडल्यावर फुगते का बघा. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात निळसर फुगा असेल तर अश्रूंची नळी आत फुगून नाक अडवत असेल.

सीटीच्या आधी नाक सक्शन करा, नाहीतर शेंबूडच पडदा म्हणून रिपोर्टला येतो.

अट्रेसिया सापडला की नाकावर थांबू नका. डोळे, कान, हृदय, जननेंद्रियं बघा, चार्ज सिंड्रोम (या सगळ्यांत एकत्र जन्मजात दोष असणारा आजार) असू शकतो. इको आता करा, हवा तेवढा.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असंही नाही, भोक परत आवळतं, फॉलोअप चुकवू नका.

एका बाजूचं बंद असेल तर ऑपरेशनची घाई नसते, पण ते सापडतच नाही. सात वर्षांची एक मुलगी आली, उजव्या नाकपुडीतून कायम घट्ट शेंबूड, दप्तरात दोन रुमाल. कुणी सायनस म्हणालेलं, कुणी नाकात खडू घातलाय म्हणालेलं. नाकाखाली थंड स्टीलचा चमचा धरला तर वाफ फक्त डावीकडे उमटली. चमचा आमच्या ओपीडीतल्या साखरेच्या डब्यातला होता, सिस्टरांनी तो परत डब्यात ठेवू दिला नाही.