जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसवताना या चुका टाळा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे, एरवी उत्तम चालणारे कितीतरी लॅपटॉप विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेर राहिले. अशा लॅपटॉपवरही विंडोज ११ बसवता येते. मात्र ‘हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही’ हा संदेश दिसताच लगेच पळवाट शोधणे, ही मला सर्वांत मोठी चूक वाटते, कारण तो नेमका कशामुळे आला हे आधी पाहिले, तर पुष्कळदा पळवाटेची गरजच उरत नाही. उदाहरणार्थ, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा यंत्रणा) लॅपटॉपमध्ये असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेले असते. इंटेलच्या लॅपटॉपवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या लॅपटॉपवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते.

टीपीएम चालू करण्यासारखे बायोसमधील बदल करण्यापूर्वी डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलुपाने) कुलूपबंद आहे का, हे अवश्य पाहावे. तसे असेल आणि बिटलॉकर तात्पुरते थांबवले नसेल, तर पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती जवळ नसल्यास आतली सर्व माहिती गमावण्याची वेळ येते.

प्रोसेसरच यादीबाहेर असेल, तर रुफससारख्या, विंडोज बसवण्याची पेनड्राइव्ह बनवणाऱ्या साधनाने ती तयार करताना टीपीएम, सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि रॅमच्या अटी वगळण्याचा पर्याय निवडता येतो. त्यामुळे तपासणी टळते. प्रोसेसरमध्ये जे मुळात नाही, ते मात्र त्याने येत नाही. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना लागतात, म्हणून कोअर टू ड्युओ या जुन्या इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपवर ती सुरूच होत नाही आणि तिथे कितीही युक्त्या केल्या तरी वेळच वाया जातो. आणखी एक बाब म्हणजे, रुफसच्या ४.६ पूर्वीच्या आवृत्त्यांनी केलेली ही सोय पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला तरच लागू होते. चालू विंडोजमधून सेटअप उघडल्यास तोच नकार पुन्हा समोर येतो.

खरे नुकसान होते ते डिस्क निवडण्याच्या पडद्यावर. निवडलेल्या डिस्कवर एमबीआर या जुन्या पद्धतीची विभागणी असल्याने विंडोज बसवता येणार नाही, असा संदेश तिथे येतो, आणि घाबरून किंवा कुणाचे तरी ऐकून सगळी पार्टिशन पुसली जातात. त्याबरोबर डी ड्राइव्हवरचे वर्षानुवर्षांचे फोटोही जातात. वास्तविक या संदेशाचा अर्थ एवढाच असतो की, पेनड्राइव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू झाली आहे आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. सेटअप थांबवून पेनड्राइव्ह रुफसमध्ये एमबीआरचा पर्याय निवडून पुन्हा तयार करावी आणि बायोसमध्ये लेगसी, म्हणजे सुरू होण्याची जुनी पद्धत, चालू ठेवून तिच्यावरून लॅपटॉप सुरू करावा. यूईएफआयच हवे असेल, तर विंडोज १० मध्येच असलेले एमबीआर-टू-जीपीटी हे साधन माहिती न पुसता डिस्कचे जीपीटी या नव्या विभागणीत रूपांतर करते. परंतु डी आणि ई ड्राइव्ह एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये (अनेक ड्राइव्ह सामावणाऱ्या एका विभागात) असतील, तर ते नकार देते, आणि जुन्या लॅपटॉपवर नेमकी तशीच विभागणी पुष्कळदा केलेली असते. कोणताही मार्ग घेतला, तरी आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढून ठेवण्याला पर्याय नाही.

सेटअपच्या शेवटी इंटरनेट मागितले जाते आणि जुन्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर नव्या विंडोजमध्ये नसल्यामुळे तिथेच काम अडते. ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यावा. ते राहून गेले, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करावे, म्हणजे मोबाइलचेच इंटरनेट लॅपटॉपला द्यावे. तसेच विंडोजच्या होम प्रकाराचा परवाना असताना प्रो हा प्रकार बसवू नये, कारण त्या परवान्यावर प्रो सक्रिय होत नाही.

असा लॅपटॉप चालू लागला, तरी वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती त्यावर आपोआप मिळेल असे धरून चालू नये. ती बहुधा याच पद्धतीने हाताने बसवावी लागते. जुन्या विंडोजवरच अपग्रेड केले असेल, तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधून मागे फिरता येते. तोवर डिस्क क्लीनअप चालवून जुन्या विंडोजचा फोल्डर काढू नये.