चित्रपटगृहात मोबाइल : आवाजापेक्षा उजेडाचा विचार आधी

चित्रपट सुरू होण्यापूर्वी मोबाइल बंद ठेवण्याची सूचना पडद्यावर येते, तेव्हा बहुतेक प्रेक्षक खिशातून फोन काढतात, त्याचा आवाज बंद करतात आणि आपले काम झाले असे समजून तो परत खिशात ठेवतात. त्यांच्यापैकीच कित्येक जण पुढच्या दोन-अडीच तासांत कधी वेळ पाहण्यासाठी, कधी आलेला निरोप वाचण्यासाठी, तर कधी केवळ सवयीने तोच फोन वारंवार बाहेर काढतात. आवाज होत नाही म्हणजे कोणाला त्रासही होत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ऐन प्रसंगी घंटी वाजणे हा एकेकाळी मुख्य उपद्रव होता. आज ती जागा उजेडाने घेतली आहे, आणि तो टाळण्याची जवळजवळ सगळी तयारी सभागृहात पाऊल टाकण्याआधीच करावी लागते.

उजेडाचा त्रास नेमका किती होतो, हे समजले की बाकीचे नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. डिजिटल प्रक्षेपणाच्या प्रचलित मानकानुसार पडद्यावरील संपूर्ण पांढऱ्या भागाची तेजस्विता सुमारे ४८ निट्स, म्हणजे दर चौरस मीटरला ४८ कॅन्डेला, इतकीच असते, आणि त्रिमितीय चित्रपटात चष्म्यातून डोळ्यांपर्यंत पोहोचणारा उजेड याहूनही बराच कमी असतो. आजच्या साध्या स्मार्टफोनचा स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर सहज ५०० निट्सच्या पुढे जातो, आणि महागड्या फोनचा तर १,००० च्याही पुढे. याचा अर्थ असा की आकाराने तळहाताएवढा असलेला हा स्क्रीन समोरच्या भव्य पडद्याच्या सर्वांत उजळ भागापेक्षाही दसपट किंवा त्याहून अधिक प्रखर असू शकतो, आणि पडद्यावर रात्रीचे दृश्य चालू असेल तर ही तफावत कितीतरी वाढते.

त्यात डोळ्यांच्या रचनेची भर पडते. अंधाराला पूर्णपणे सरावण्यासाठी डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मिळवलेला हा सराव प्रखर उजेडाने काही क्षणांत कमी होतो. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडाकार पेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर नसतात, त्या त्याच्या सभोवती असतात. त्यामुळे नजर पडद्यावर खिळलेली असली तरी बाजूला किंवा खालच्या रांगेत अचानक उजळलेला चौकोन लगेच जाणवतो, आणि तो हलत असेल तर लक्ष वेधून घेतोच. ज्याच्या हातात फोन आहे तो त्याच उजेडाकडे पाहत असल्यामुळे इतरांना काय दिसते याची त्याला कल्पनाही येत नाही. आसनांची रचना पायऱ्यांसारखी चढती असल्याने मांडीवर खाली धरलेला फोनसुद्धा मागच्या अनेक रांगांना स्पष्ट दिसतो. ब्राइटनेस कमी करणे किंवा स्क्रीनची पार्श्वभूमी काळी ठेवणे हे उपाय म्हणूनच अपुरे आहेत. त्यांनी त्रास घटतो, नाहीसा होत नाही.

दाराबाहेर करायची तयारी

सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे फोन पूर्णपणे बंद करणे. ज्यांना कोणाच्याही निरोपाची वाट पाहायची नाही, त्यांनी दुसरा विचारच करू नये. ‘फक्त सायलेंट’ हा मात्र अर्धवट उपाय आहे, कारण अनेक फोनमध्ये घंटीचा आवाज, अलार्मचा आवाज आणि व्हिडिओचा आवाज यांची नियंत्रणे वेगवेगळी असतात. सायलेंट केलेल्या आयफोनवर लावलेला अलार्म ठरल्या वेळी मोठ्याने वाजतोच, आणि एअरप्लेन मोडनेही तो थांबत नाही. औषधाची आठवण किंवा रोजच्या व्यायामाची वेळ असे नेहमीचे गजर चित्रपटाच्या वेळेत येत असतील, तर ते आधीच बंद करून ठेवावेत. औषध खरोखरच घ्यायचे असेल, तर बरोबरच्या व्यक्तीला वेळ सांगून ठेवणे अधिक सोयीचे.

घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असल्याने ज्यांना संपर्क पूर्ण तोडता येत नाही, त्यांच्यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही सोय उत्तम आहे. ती बहुतेकांच्या फोनमध्ये असूनही फारच थोडे लोक ती नीट लावतात. तिच्यात निवडक व्यक्तींचेच कॉल येऊ देण्याची मुभा असते. शिवाय एकाच क्रमांकावरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा कॉल आल्यास तो येऊ देण्याचा पर्यायही असतो. आयफोनमध्ये ही मुदत तीन मिनिटांची, तर अँड्रॉइडमध्ये सर्वसाधारणपणे पंधरा मिनिटांची असते. घरच्यांना ‘तातडीचे असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा’ एवढे सांगून ठेवले की मन निश्चिंत राहते, आणि दर दहा मिनिटांनी फोन तपासून पाहण्याचे निमित्तही संपते. चित्रपट किती वाजता सुटेल हे ज्यांना कळणे आवश्यक आहे त्यांनाही दाराबाहेरूनच कळवून टाकावे.

व्हायब्रेटवर विसंबताना फोन कुठे ठेवतो याकडे लक्ष द्यावे. पेल्यासाठी असलेल्या खाचेत किंवा आसनाच्या कडक हातावर ठेवलेला फोन थरथरला की त्याची घरघर शांत प्रसंगात दोन-तीन रांगांपर्यंत ऐकू जाते. तो अंगाला लागून असलेल्या खिशात असावा. पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी ठेवण्याने काहीच साधत नाही.

मनगटावरचे स्मार्ट घड्याळ हल्ली सर्रास विसरले जाते. हात हलवला की उजळणारी त्याची तबकडी फोनपेक्षा लहान असली तरी अंधारात ती तितकीच टोचते, आणि वापरणाऱ्याला पुष्कळदा त्याचा पत्ताही नसतो. यासाठी अॅपलच्या घड्याळांत २०१७ पासून ‘थिएटर मोड’ दिलेला आहे. दोन मुखवट्यांच्या चिन्हावर टिचकी मारली की आवाज बंद होतो, आणि आपण स्पर्श करेपर्यंत किंवा बटण दाबेपर्यंत तबकडी उजळत नाही. इतर अनेक घड्याळांतही याच धर्तीची सोय आहे. ती सापडत नसेल तर घड्याळ काढून खिशात टाकावे, हे सर्वांत सोपे.

तिकीट फोनवर असेल तर रांग आणि आसनक्रमांक दाराशीच पाठ करावा. आत शिरल्यावर अंधारात तिकिटाचा निरोप शोधत, मध्येच दुसऱ्याच कुणाचा मजकूर उघडत उभे राहणे वाट अडवणारे तर असतेच, शिवाय स्क्रीनचा सगळा उजेड बसलेल्यांच्या चेहऱ्यावर जातो. उशीर झालाच असेल, तर जिन्याच्या पायऱ्यांवरील लहान दिव्यांच्या आधाराने चालावे आणि क्षणभर थांबून डोळ्यांना अंधार उमगू द्यावा. टॉर्च लावण्यावाचून गत्यंतर नसेल, तर फोन गुडघ्याच्या खाली धरून, दिव्यावर बोट ठेवून, उजेड आपल्याच पावलांपुरता पडेल असा वापरावा. टॉर्च वर करून आसनांचे क्रमांक वाचत रांगेतून फिरणे हे एखाद्याने कॉल घेण्याइतकेच वाईट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मध्येच गरज पडली तर

काळजी घेऊनही घंटी वाजलीच, तर फोन बाहेर काढण्याची घाई करू नये. बहुतेक फोनवर आवाज कमी-जास्त करण्याचे बटण खिशातल्या खिशात एकदा दाबले की घंटी थांबते. याउलट फोन काढून, नाव वाचून, कॉल घेऊन, हाताचा आडोसा करत ‘मी पिक्चरला आलोय, नंतर बोलतो’ असे कुजबुजणे म्हणजे घंटी, उजेड आणि बोलणे असे तिन्ही उपद्रव एकाच वेळी करणे होय. पलीकडच्याला ती कुजबुज धड ऐकू येत नाही, म्हणून तेच वाक्य पुन्हा मोठ्याने सांगावे लागते, हे कोणत्याही नियमित प्रेक्षकाने अनुभवलेले असते.

कॉल खरोखरच महत्त्वाचा असेल, तर उठून बाहेर जावे आणि दार पूर्ण बंद झाल्यावरच बोलायला सुरुवात करावी. निरोप टाइप करण्यालाही हाच नियम लागू आहे. जाकिटाच्या आत किंवा पर्समध्ये फोन धरून वाचल्याने उजेड लपतो ही केवळ भाबडी आशा आहे. ज्यांच्या व्यवसायात कधीही बोलावणे येऊ शकते, अशा डॉक्टरांसारख्या व्यक्तींनी आसन निवडतानाच वाटेच्या कडेचे आणि शक्यतो मागच्या रांगेतले निवडावे, म्हणजे उठताना कोणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत.

लहान मूल कंटाळले की त्याच्या हाती फोन देणे हा पालकांना सुचणारा सर्वांत जवळचा उपाय असतो, परंतु कार्टूनचा सतत बदलता रंगीत उजेड आजूबाजूच्यांना निरोपाच्या स्थिर उजेडापेक्षाही अधिक खुपतो. मुलाला काही मिनिटे बाहेर फिरवून आणणे त्याच्याही दृष्टीने चांगले.

फोटो आणि चित्रीकरण

शीर्षकाचा फोटो काढून स्टेटसला लावणे किंवा आवडत्या कलाकाराच्या प्रवेशाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घेणे यात अनेकांना काहीच गैर वाटत नाही. येथे प्रश्न शिष्टाचाराच्या पलीकडे, कायद्याच्या हद्दीत जातो. भारतात २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रपटाची किंवा त्याच्या एखाद्या भागाची बेकायदा प्रत तयार करण्यासाठी चित्रपटगृहात विनापरवानगी चित्रीकरण करणे हा गुन्हा असून त्यासाठी किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षांच्या कारावासाची, तसेच किमान तीन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. अमेरिकेत २००५ पासून अशा चित्रीकरणासाठी पहिल्या गुन्ह्यालाच तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, तर जपानने २००७ मध्ये खास याच विषयावर स्वतंत्र कायदा केला. आपला हेतू चोरीचा नव्हता, हे कर्मचाऱ्यांना किंवा पोलिसांना अंधारातून कळण्याचा मार्ग नसतो. आठवण म्हणून फोटो हवाच असेल, तर तो बाहेरच्या पोस्टरसमोर काढावा.

दुसऱ्याचा फोन त्रास देत असेल तर

प्रथम एक शक्यता ध्यानात घ्यावी की उजळलेला प्रत्येक स्क्रीन बेपर्वाईचा नसतो. श्रवणदोष असलेल्यांना संवाद वाचता यावेत आणि दृष्टिबाधितांना दृश्यांचे वर्णन कानात ऐकता यावे यासाठी खास अॅप असतात; त्यांपैकी काहींचा स्क्रीन मुद्दाम काळा ठेवलेला असतो आणि फोन चित्रपटाचा आवाज ऐकून त्याच्याशी स्वतःचा मेळ राखतो. मधुमेह असलेल्या काही जणांच्या शरीरावरील संवेदक रक्तातील साखर फारच खाली गेल्याची सूचना फोनवर देतो, आणि ती जीव वाचवणारी असल्याने सायलेंटलाही जुमानत नाही. अशी साधने वापरणाऱ्यांनी शेजारच्या प्रेक्षकाला आधीच एक वाक्य सांगून ठेवले तर गैरसमज टळतो. मात्र तसे सांगणे हे त्यांचे सौजन्य आहे, त्यांच्यावरचे बंधन नव्हे.

त्रास चालूच राहिला तर हलक्या आवाजात, एकदाच आणि विनंतीच्या सुरात सांगावे. ‘उजेड डोळ्यांवर येतोय, जरा फोन ठेवाल का?’ एवढे पुरेसे असते आणि बहुतेक जण ओशाळून लगेच फोन ठेवतात, कारण आपला उजेड मागे पोहोचतो हे त्यांना खरोखरच ठाऊक नसते. उपरोधिक शेरे, आसनाला लाथा किंवा सूड म्हणून त्यांच्यावर टॉर्च मारणे यांनी उरलेल्या प्रेक्षकांचाही चित्रपट बिघडतो. दुसऱ्यांदा सांगण्याची वेळ आली, तर स्वतः वाद न घालता बाहेर जाऊन कर्मचाऱ्याला रांग आणि अंदाजे आसनक्रमांक सांगावा. हा सल्ला भित्रेपणाचा वाटू शकतो, परंतु २०१४ च्या जानेवारीत फ्लोरिडातील एका चित्रपटगृहात मुख्य चित्रपट सुरूही झालेला नसताना मोबाइलच्या वापरावरून जुंपलेल्या भांडणात गोळी झाडली जाऊन एका प्रेक्षकाचा जीव गेला होता. अंधारात समोरच्याची मनःस्थिती काय आहे हे आपल्याला दिसत नसते.

फोन वापरू देणारे वेगळे खेळच का ठेवू नयेत, असाही प्रश्न अधूनमधून विचारला जातो. २०१६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील एएमसी या मोठ्या साखळीच्या प्रमुखांनी निवडक सभागृहांत असे करण्याचा विचार बोलून दाखवला होता, मात्र प्रेक्षकांची नाराजी इतकी तीव्र होती की काही दिवसांतच कंपनीने तो सोडून दिला. म्हणजे नियम प्रेक्षकांना जाचक वाटतो असे नाही. तो इतरांनी पाळावा असेच प्रत्येकाला वाटत असते.

शेवटी नामावली सुरू झाली की फोन काढण्याची मुभा आपोआप मिळाली असे अनेकजण धरून चालतात. दिवे पूर्ण लागले असतील तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही, पण सभागृह अंधारलेले असेल आणि लोक नावे वाचत किंवा नामावलीनंतरच्या दृश्याची वाट पाहत बसलेले असतील, तर अगोदर बाहेर पडावे आणि मग फोन सुरू करावा. उठण्यापूर्वी खिसा चाचपून घ्यावा, कारण मागे कलणाऱ्या आसनांच्या फटीत फोन घसरणे ही नेहमीची गोष्ट आहे. तसे झाल्यास आसन पुढे-मागे करून तो शोधू नये. यंत्रणेत फोन चिरडला जाऊन त्याच्या बॅटरीला आग लागण्याचा धोका असतो. दिवे लागेपर्यंत थांबावे आणि तो काढून देण्यासाठी कर्मचाऱ्याला बोलवावे.